नानांच्या नावापुढची सवलत

एकनाथनानांना पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलानं फसवलं. हे वाक्य मी सगळ्यात आधी लिहितो, कारण असे लेख वाचता वाचता लोक हळवे होतात आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. माणूस गेला की त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायचे असतात, तेही मी लिहिणार आहे. पण मी कापूरहोळच्या फाट्यावर जुने ट्रॅक्टर घेणारा आणि विकणारा माणूस आहे. गाडीत काय खोट आहे ते आधी बोलायचं आणि मग चहा मागवायचा, अशी माझी रीत आहे. हॉस्पिटलाचं नाव छापता येणार नाही, असं पुरवणीच्या संपादकांनी मला सांगितलं. त्यावरून आमचं फोनवर बरंच वाजलं. शेवटी मी ऐकलं, कारण नाव गाळलं तरी ज्यांनी वाचायला पाहिजे ते वाचतीलच.

बातमी आली तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. पालीचे एक गृहस्थ पॉवर टिलर बघायला आले होते आणि आमची ओढाताण रंगात आली होती. मोबाईल वाजला, सुमनवहिनींचं नाव दिसलं, म्हणून बोलता बोलताच कानाला लावला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, ह्ये गेले." आणि माझ्या तोंडून निघालं, "शेवटचं बोला." ते वाक्य पालीच्या गिऱ्हाइकासाठी होतं, अर्धं तोंडात आलेलं होतं, ते फोनमध्ये पडलं. वहिनींना वाटलं, नाना शेवटचं काय बोलले असं मी विचारतोय. त्या म्हणाल्या, "शेवटचं काय बोलले न्हाईत ओ. पानी मागितलं, त्ये बी प्याले न्हाईत." मी टिलरच्या सीटवर बसलो. गिऱ्हाईक कधी निघून गेलं ते मला कळलं नाही. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले, आणि अजूनही कुणाशी बोलताना "शेवटचं बोला" हे शब्द तोंडात आले की मी गिळतो. माझ्या धंद्यात हे दोन शब्द नसतील तर दिवस उभा राहत नाही.

नाना एसटीत कंडक्टर होते. भोर डेपोत तीस वर्षं नोकरी, त्यातली निम्म्याहून जास्त वेल्ह्याच्या गाडीवर. घर गुंजवण्याला, धरणाच्या खालच्या अंगाला, पुढं भाताची चार खाचरं. आमची ओळख भांडणातून झाली. मी तेव्हा विशीत होतो आणि वेल्ह्याकडच्या गावांतून तांदूळ गोळा करून पुण्यात पोचवायचा उद्योग नुकताच सुरू केला होता. टेम्पो झेपत नव्हता, म्हणून पोती एसटीच्या टपावर. मार्गासनीला दोन पोती चढवली आणि नव्यानं आलेल्या कंडक्टरला म्हणालो, एकाचंच लगेज फाडा, दुसरं घरचं आहे. नानांनी माझ्याकडं बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "घरचं आसंल तर मांडीवर घिऊन बसा की, शेठ. मांडीवरच्याला तिकीट न्हाई." अख्खी गाडी हसली. मी नसरापूरपर्यंत भांडलो. त्यांनी दोन्ही पोत्यांचं तिकीट माझ्या खिशात खोचलं, घंटी मारली आणि पुढं गेले. नसरापूरला मात्र स्वतः टपावर चढून पोती खाली द्यायला त्यांनी मदत केली. तेव्हापासून त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. चपलेचा अंगठा तुटलेला असतानाही मी त्यांचा शेठच होतो.

पुढं मी बऱ्याच लोकांशी घासाघीस केली. एजंट, आरटीओ, बँकेचे साहेब, जमिनीचे मालक. बहुतेकांना मी कुठं ना कुठं हलवलं आहे. नानांना एकदाही हलवता आलं नाही. ते चिडत नसत, नियम दाखवत नसत. कुणी वेळ विचारावी आणि आपण सांगावी, तसं "न्हाई" म्हणत. एकदा त्यांची आईच वेल्ह्याहून गाडीत बसली आणि ज्येष्ठांचं कार्ड घरी विसरली होती. नानांनी तिचं पूर्ण तिकीट फाडलं. म्हातारी भोरपर्यंत तोंड फिरवून बसली. मी त्या गाडीत होतो आणि मला राहवलं नाही, अहो स्वतःच्या आईला ओळखत नाही का, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. नाना म्हणाले, "आईला वळखतो म्या. पन सवलत म्या देत न्हाई, कार्ड देतं." मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता. खरं सांगायचं तर त्या रागातच आमची मैत्री घट्ट झाली. ज्याच्यापुढं आपलं काही चालत नाही असा एक तरी माणूस जवळ असावा, असं मला तेव्हा वाटलं होतं.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी त्यांच्या यकृतात गाठ निघाली. माणूस आयुष्यात दारूला शिवला नव्हता. डॉक्टर म्हणाले, जुन्या काविळीचा परिणाम असू शकतो. ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी तळपाय सोलून निघायचे, तोंड यायचं, पण गाठ होती तिथं थांबली होती. अशा अवस्थेत वर्षभर गेलं. माझी गाडी होती, म्हणून पुण्याच्या खेपा माझ्याकडं आल्या. त्या खेपांमध्येच एकदा कळलं की हॉस्पिटलात एका नव्या उपचाराची चाचणी चालू आहे. कॅन्सरवर जनुकाचा उपचार, आणि तो विषाणूतून देणार. विषाणू म्हटल्यावर मी उठूनच उभा राहिलो होतो. नाना मात्र संमतीपत्राची मराठी प्रत घेऊन शांतपणे वाचत बसले, आणि वाचता वाचता एकटेच हसायला लागले. त्यात जागोजागी लिहिलं होतं: वाहक. वाहक शरीरात सोडला जाईल, वाहक गाठीपर्यंत पोचेल, वाहकामुळं ताप येऊ शकतो. एसटीत कंडक्टरच्या सीटवरसुद्धा हेच लिहिलेलं असतं. नाना मला म्हणाले, "तीस वर्सं म्या गाडीत फिरलो. आता वाहक माज्यात फिरनार."

त्यांच्या शंका इतक्या वाढल्या की चाचणीचं काम बघणारी मुलगी वैतागली आणि तिनं प्रयोगशाळेतून थेट डॉ. मानसींना बोलावून आणलं. हा वाहक बनवणाऱ्या लोकांपैकी त्या एक. वय पस्तिशीच्या आत, साताऱ्याकडच्या, बोलायला सरळ. त्यांनी सांगितलं ते मला समजलं तेवढं लिहितो. साध्या सर्दीचा विषाणू घ्यायचा. त्याच्या पोटातलं आजार वाढवणारं सामान काढून टाकायचं आणि त्या जागी असं जनुक भरायचं, की ते गाठीच्या पेशीत पोचलं की त्या पेशीला मरायचा हुकूम सुटावा. विषाणूच्या टरफलाला बारीक आकडे असतात, त्यांनी तो पेशीला धरतो. ते आकडे बदलून, इकडंतिकडं न चिकटता फक्त गाठीच्या पेशीला धर, असं त्या त्याला शिकवत होत्या. नुसत्या त्या आकड्यांवर त्यांची सहा वर्षं गेली होती. नाना म्हणाले, म्हणजे गाडी रिकामी केली, नवा प्रवासी बसवला आणि थांबा एकच ठेवला. बाई खळखळून हसल्या, माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत म्हणाल्या. इतक्यात माझा फोन वाजला आणि एका ट्रॅक्टरच्या कागदपत्रांसाठी मी बाहेर गेलो. आत पुढं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही... तो ट्रॅक्टर कुणाचा होता ते आज मला आठवतसुद्धा नाही.

नंतर नानांचं रक्त तपासलं, आणि आठ दिवसांनी सांगितलं गेलं की त्यांना घेता येत नाही. रक्तातला एक आकडा मर्यादेपेक्षा जास्त आहे, निकषात बसत नाही. नाना उठले, पिशवी घेतली, बरं म्हणाले. मी नाही उठलो. मला वाटलं, निकष म्हणजे आपल्याकडच्या सगळ्या कचेऱ्यांत असतो तसा निकष. वयाची अट, जमिनीची अट, दाखल्याची अट. अट असली की तिच्याशेजारी एक वाटही असते आणि ती विचारावी लागते, हेच माझं आयुष्यभराचं शिक्षण. मी चाचणी चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसून राहिलो. आत गेल्यावर आवाज चढवला, मग उतरवला, हात जोडले. सांगितलं की हा माणूस सांगाल त्या वेळेला हजर राहील, सांगाल ते लिहून ठेवील, तुम्हाला असा रुग्ण मिळणार नाही. डॉक्टरांनी फाईल चाळली आणि म्हणाले, बघू. दहा मिनिटांत बोलावलं आणि म्हणाले, करून घेऊ.

इथं मला थांबून एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी रोज लोकांना सांगतो की समोरचा फार लवकर हो म्हणाला तर इंजिन उघडून बघा. त्या दिवशी दहा मिनिटांत हो मिळालं आणि मी इंजिन उघडलं नाही. उलट येताना कापूरहोळला गाडी थांबवून पेढे घेतले. सौदा जिंकल्यासारखा मी नानांच्या ओसरीवर बसलो होतो. नानांच्या हातात कागद होता, त्यावर त्यांच्या नावापुढं लिहिलेलं: निकषातून सवलत, मंजूर. खाली सही. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. मला विचारलं, "सवलत कशाची दिली?" मी म्हणालो, रक्ताचा तो आकडा. ते म्हणाले, "बाई म्हनल्या व्हत्या, वाटंत चेकर असतो. त्येचं काय?" मला काही कळलं नाही. मी म्हणालो, नाना, एवढे मोठे डॉक्टर आहेत, त्यांनी बघितलंच असेल. वहिनी दारात उभ्या होत्या, हातात पेढ्यांचा पुडा तसाच. नानांनी त्यांच्याकडं बघितलं, मग सहीकडं. म्हणाले, "वरनं मंजूर हाय ना? मग बसतो."

ज्या माणसानं आईला सवलत दिली नाही, त्यानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतः सवलत घेतली, आणि ती फक्त सहीवर विश्वास ठेवून घेतली. कार्डावर सही-शिक्का असला की कंडक्टरनं मागं जाऊन चौकशी करायची नसते, असं त्यांची नोकरी त्यांना शिकवून गेली होती. मंजूर करणाऱ्यानं तपासूनच मंजूर केलेलं असणार, यावर ते तीस वर्षं जगले होते.

चाचणीच्या नियमाप्रमाणं गोळ्या बंद झाल्या. काही आठवड्यांनी तो वाहक शिरेवाटे दिला. दोन दिवस ताप आला, थंडी वाजली, नाना दात वाजवत मला म्हणाले की गाडी घाटात दिसतीय. मग ताप गेला, आणि पुढं काहीच झालं नाही. आम्ही वाट बघत राहिलो. महिन्यानं स्कॅन झाला तेव्हा गाठ जागेवर नव्हती, पसरली होती. मोठे डॉक्टर स्वतः भेटले नाहीत. त्यांच्या हाताखालच्यांनी सांगितलं, काही रुग्णांमध्ये प्रतिसाद मिळत नाही. गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पण आता त्या यकृताला झेपत नव्हत्या. त्यानंतर नाना गुंजवण्यालाच राहिले. मी जायचो तेव्हा ओसरीवर पडून असायचे. पोटात पाणी झालेलं, डोळे हळदीसारखे. एकदा मी तिथंच हॉस्पिटलाला शिव्या द्यायला लागलो, तर हातानं थांबवत म्हणाले की शेठ, बाईंना काही बोलू नका, त्यांनी खरं सांगितलं होतं. मला वाटलं, त्यांचा स्वभाव.

तेरावा झाल्यावर मी फाईल घेऊन पुण्याला गेलो. मला कुणीच भेटेना. मी आवाज केला, दोन सुरक्षारक्षकांनी दंड धरून मला बाहेर आणलं. पार्किंगमध्ये गाडीपाशी उभा होतो तर मागून डॉ. मानसी आल्या. नाना गेल्याचं त्यांना माझ्याकडूनच कळलं. त्यांना कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं. मग त्यांनी उभ्या उभ्याच मला रक्तातल्या त्या आकड्याचा अर्थ सांगितला. शरीरानं एखादा विषाणू आधी पाहिलेला असला तर त्याला ओळखणारी प्रतिपिंडं रक्तात तयार असतात. तो पुन्हा आत आला की ती त्याला वाटेतच पकडतात. त्यानं सर्दी आणलीय की औषध, हे ती बघत नाहीत. नानांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं भरपूर होती. का नसतील? तीस वर्षं अख्ख्या तालुक्याचं पडसं त्यांच्या तोंडावर शिंकलं गेलं होतं. नानांनी त्यांना त्या दिवशी विचारलं होतं, वाटेत चेकर आला तर? आणि त्या म्हणाल्या होत्या, काका, तोच तर प्रश्न आहे, म्हणून रक्त तपासतो. हे बोलणं झालं तेव्हा मी बाहेर ट्रॅक्टरच्या कागदांबद्दल बोलत होतो.

"मी अहवालात लिहिलं होतं," त्या म्हणाल्या, "यांना देऊ नये, उपयोग होणार नाही."

मी विचारलं, मग दिलं कसं? त्यांनी खाली बघितलं. चाचणीच्या गटात माणसं कमी पडत होती, ती भरायची मुदत संपत आली होती, एवढंच त्या बोलल्या. सवलत मंजूर झाल्याचं त्यांना सुई दिल्यानंतर कळलं. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती सांगितली नसती तर मला झोप आली असती. नानांसारख्या लोकांसाठी त्या दुसऱ्याच विषाणूचं टरफल वापरून नवा वाहक तयार करत होत्या, शरीर सहसा ओळखत नाही असा. त्याची चाचणी आता सुरू होते आहे. नानांचं नाव त्यांनी स्वतःच्या वहीत लिहून ठेवलं होतं. पण एकदा असा उपचार घेतलेल्या माणसाला त्या चाचणीत घेत नाहीत. तो नवा वाहक नानांना लागू पडलाच असता असं मी नाही म्हणत, असं त्या दोनदा म्हणाल्या. मला त्या बाईंचा राग येईना. राग यायला पाहिजे होता, कारण माझ्याकडं दुसरं काही नव्हतं.

हे सगळं वहिनींना सांगायला मी गुंजवण्याला गेलो. त्या खाचराच्या बांधावर गवत कापत होत्या. मी उभ्या उभ्या सांगितलं, मध्ये मध्ये हॉस्पिटलाला शिव्या घातल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, विळा पदराला पुसला आणि विचारलं, "तुमी मागितलं म्हनून दिलं का ओ, भावजी?" त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी भलतंच काहीतरी सांगून गाडीकडं आलो आणि बराच वेळ चावी लावली नाही.

उत्तर इथं देतो. व्हय वहिनी, मी मागितलं. पण मागणं हे माझं काम आहे. मी आयुष्यभर न मिळणाऱ्या गोष्टी मागत आलो. समोरचा नाही म्हणतो, मी पुन्हा मागतो, तो पुन्हा नाही म्हणतो, आणि त्या नकारावरच सौद्याचा खरा अंदाज येतो. मला नाना आवडायचे ते त्यांच्या नकारामुळं. त्या केबिनमध्ये खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या समोर अहवाल होता. देऊ नये, असं त्यात लिहिलेलं होतं. मला तो वाचता येत नव्हता, त्यांना येत होता. मी कितीही ओरडलो असतो, पाया पडलो असतो, तरी त्यांना फक्त एक शब्द म्हणायचा होता. तो त्यांनी म्हटला नाही, कारण त्यांना एक माणूस कमी पडत होता. आणि मला खुशाल वाटू दिलं की मी जिंकलो.

नानांच्या उशाशी वहिनींना एक वही सापडली, ती आता माझ्याकडं आहे. चाचणीत ताप, जेवण, झोप, दुखणं लिहून ठेवायला हॉस्पिटलानं छापील वही दिली होती. नानांनी ती गाडीवर रोजचा हिशोब लिहावा तशी भरली आहे. प्रत्येक दिवस, प्रत्येक रकाना, पेनानं, खाडाखोड न करता. जिथं काही झालं नाही तिथं "निरंक". जायच्या आदल्या दिवशीचं अक्षर हललं आहे, पण रकाना रिकामा नाही. ती वही परत घ्यायला हॉस्पिटलातून कुणी आलेलं नाही, फोनही आला नाही. ज्या उपचारासाठी हा माणूस वापरला, त्याबद्दल त्यानं काय लिहून ठेवलंय, हे वाचायचीही कुणाला गरज वाटली नाही.

सवलतीच्या कागदावरची सही वाकडीतिकडी आहे, खाली नाव नाही. ती केबिनमधल्या डॉक्टरांचीच आहे का, असं मी तीन वेळा लेखी विचारलं, तीन वेळा उत्तर आलं की योग्य प्रक्रियेनुसार निर्णय घेण्यात आला. प्रक्रियेला हात नसतात, ती सही करत नाही. ज्या हातानं ही सही केली त्या माणसानं आपलं नाव सांगावं. मग गुंजवण्याला यावं, सुमनवहिनींच्या ओसरीवर बसावं, नानांची वही पहिल्या पानापासून त्यांच्यासमोर वाचावी, आणि अहवालात "देऊ नये" असताना का दिलं, ते त्यांना समजेल अशा मराठीत सांगावं. मी माझा वाटा वर लिहून दिला आहे, आणि माझं नाव छापायला संपादकांना सांगितलं आहे. आता तुमचं नाव सांगा.